एक बिट पाठवायला किती वीज लागते?

केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं की फोनवरचे सिग्नलचे दांडे एकेक करून गळतात. फोन खिशात नुसता पडून असतो, तरी बॅटरी पणजीतल्यापेक्षा झपाट्याने उतरते आणि खिसा कोमट होतो. नेटवर्क नाही म्हणजे फोनला काम नाही असं आपल्याला वाटतं, पण फोनचं खरं काम तिथेच सुरू होतं. टॉवर जवळ असला तर फोनचा रेडिओ एका मिलिवॉटहून कमी शक्तीतही भागवतो. टॉवर लांब गेला, मध्ये डोंगर आला, की ही शक्ती वाढत वाढत 200 मिलिवॉटपर्यंत जाते. बहुतेक फोर-जी फोनांची कमाल मर्यादा तेवढीच आहे.

200 मिलिवॉट म्हणजे तसं काहीच नाही. घरातला 9 वॉटचा एलईडी दिवा याच्या 45 पट वीज खातो. पण अँटेनातून 200 मिलिवॉट बाहेर पडावेत म्हणून बॅटरीतून त्याच्या कित्येक पट वीज काढावी लागते आणि मधला फरक उष्णता होऊन जातो. हा फरक किती असावा, हे ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एक मोबाइलच्या जाहिरातीत कधीच दिसत नाही. ती म्हणजे मॉड्युलेशन, माहिती रेडिओलहरीवर चढवण्याची पद्धत. कमी विजेत चालणारं मॉड्युलेशन कोणतं, असं विचारलं तर एका नावात उत्तर देता येत नाही. अंतर किती, घाई किती आणि वीज नेमकी कुठे जळते आहे, हे आधी पाहावं लागतं. या लेखात तेच पाहू.

रेडिओलहर नुसती सोडून दिली तर ती काहीच सांगत नाही. एकाच लयीत ती वरखाली होत राहते. तिच्यात काही बदल केला तरच पलीकडच्याला काही कळणार. बदलण्यासारख्या गोष्टी तीनच: लहरीची उंची, तिची वारंवारता, आणि फेज, म्हणजे एखाद्या क्षणी लहर चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. उंची बदलली की एएम, वारंवारता बदलली की एफएम. आजचं सगळं डिजिटल मॉड्युलेशन या तिघांच्याच निरनिराळ्या मिश्रणांतून आलेलं आहे.

पणजी आकाशवाणी मध्यम लहरींवर ऐकत वाढलेल्या पिढीने ऐकलं ते एएम. विजेच्या दृष्टीने एएम म्हणजे निव्वळ उधळपट्टी. मॉड्युलेशन पूर्ण 100 टक्के असतानासुद्धा प्रक्षेपकाच्या एकूण शक्तीचे दोन तृतीयांश मूळ वाहक लहरीत जातात, आणि वाहक लहरीत माहिती शून्य. उरलेला एक तृतीयांश भाग दोन बाजूपट्ट्यांत, म्हणजे वाहकाच्या खालच्या-वरच्या वारंवारतांत, वाटला जातो, पण त्या दोन्हींत मजकूर एकच असतो. निवेदिका श्वास घ्यायला थांबली तरी वाहक लहर पूर्ण ताकदीने चालूच. हे तेव्हाच्या अभियंत्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. वाहक लहर अशी ठणठणीत पाठवली की ऐकणाऱ्याचा रेडिओ अगदी साधा ठेवता येतो, एका डायोडवर काम भागतं. एका ठिकाणी वीज जाळायची आणि घरोघरचे संच स्वस्त ठेवायचे, हा हिशोब त्या काळी बरोबरच होता. मोबाइलने तो हिशोब उलटा केला, कारण आता प्रक्षेपक आपल्याच खिशात आला.

डिजिटल मॉड्युलेशनमध्ये लहरीची उंची आणि फेज मिळून कागदावर एक ठिपका ठरतो. केंद्रापासून ठिपका किती लांब, ही उंची. तो कोणत्या दिशेला, हा फेज. असे ठिपके आधीच आखून ठेवायचे आणि प्रत्येकाला बिटांचा, म्हणजे 0 आणि 1 यांचा, एकेक गट नेमून द्यायचा. पाठवणारा त्यातला एक ठिपका निवडतो आणि लहरीला क्षणभर तसा आकार देतो. घेणारा ठिपका ओळखतो आणि बिट वाचतो. चार ठिपके असतील तर एका वेळी 2 बिट जातात, हे क्यूपीएसके. सोळा असतील तर 4 बिट, हे 16-क्वाम. पुढे 64, 256, 1024 असं वाढत जातं.

हा आराखडा तुळशीच्या लग्नाला अंगणात काढलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखाच दिसतो, आणि त्याची अडचणही तीच आहे. वारा आला की पीठ थोडं विस्कटतं, ठिपका जागचा हलतो. ठिपके ऐसपैस असले तर थोडा हललेला ठिपका मूळचा कुठला ते सहज कळतं. दाटीवाटीने असले तर तो शेजाऱ्यात जाऊन मिसळतो. रेडिओच्या बाबतीत हा वारा म्हणजे गोंगाट. घेणाऱ्या यंत्रातल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेने होणारी हालचाल कधीच थांबत नाही, त्यामुळे हा वाराही कधी पडत नाही. ठिपके वाढवायचे पण दोघांमधलं अंतर तेवढंच ठेवायचं, तर एकच उपाय उरतो: अंगण मोठं करायचं. आणि इथे विजेचं बिल येतं, कारण ठिपक्याला लागणारी ऊर्जा केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढते. दुप्पट लांबच्या ठिपक्याला चौपट ऊर्जा.

आकडे मांडले की हे किती महागात पडतं ते दिसतं. शेजारच्या ठिपक्यांतलं अंतर सारखंच ठेवलं, तर 16-क्वामला क्यूपीएसकेच्या 5 पट सरासरी शक्ती लागते. 64-क्वामला 21 पट, 256-क्वामला 85 पट आणि 1024-क्वामला 341 पट. त्या बदल्यात बिट वाढले ते 2 वरून 4, 6, 8 आणि 10 एवढेच. एका बिटामागे ऊर्जा किती पडते हे काढलं तर 16-क्वामचा बिट अडीचपट महाग, 64-क्वामचा 7 पट, 256-क्वामचा 21 पट आणि 1024-क्वामचा 68 पट. वाय-फाय 6 मध्ये 1024-क्वाम आहे, वाय-फाय 7 मध्ये 4096. राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग याच दाट रांगोळीच्या भरवशावर असतो, म्हणून तो राउटर असलेल्या खोलीतच मिळतो. मध्ये एक चिऱ्याची भिंत आली की राउटर निमूटपणे कमी ठिपक्यांवर उतरतो.

मग एवढं महाग मॉड्युलेशन वापरायचंच कशाला? कारण वारंवारता त्याहून महाग आहे. भारतात 2022 साली झालेल्या फाइव्ह-जीच्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. ज्या पट्टीला एवढे पैसे मोजले तिच्यातून जमतील तेवढे बिट पिळून काढायचे, मग टॉवरवर वीज थोडी जास्त गेली तरी चालेल, असा कंपनीचा विचार असतो. त्यात वावगं काही नाही. फक्त ‘आधुनिक’ म्हणजे आपोआप ‘काटकसरी’ असं समजू नये.

व्यवहारात टॉवर आणि फोन सतत जुळवून घेत असतात. फोर-जीमध्ये फोन टॉवरला 15 पायऱ्यांच्या मापावर सांगत राहतो की आपल्याला सिग्नल कितपत नीट मिळतो आहे, आणि टॉवर त्याप्रमाणे दाट किंवा विरळ मॉड्युलेशन निवडतो. पणजीच्या मध्यवस्तीत 256-क्वाम आणि वाळपईच्या पलीकडच्या खोऱ्यात क्यूपीएसके, हे एकाच फोनच्या बाबतीत एकाच दिवसात घडतं.

तळाशी एक मर्यादाही आहे. क्लॉड शॅननने 1948 साली ती गणिताने दाखवून दिली. एक बिट बिनचूक पोचवायला घेणाऱ्याच्या अँटेनापाशी किमान किती ऊर्जा पोचलीच पाहिजे, याचा हा तळ. गोंगाटाच्या घनतेच्या (म्हणजे पट्टीच्या दर हर्ट्झमागे असलेल्या गोंगाटाच्या) 0.69 पट, अभियंत्यांच्या भाषेत उणे 1.59 डेसिबल. डेसिबल हे पटी मोजायचं माप, 10 डेसिबल म्हणजे दहापट. तेवढ्यात भागवायचं तर वारंवारतेची पट्टी अमर्याद रुंद हवी, म्हणून तिथे प्रत्यक्षात कोणी पोचत नाही. पण किती जवळ जाता येतं हे पाहण्यासारखं आहे. साधं क्यूपीएसके वापरलं आणि लाखात एकच बिट चुकावा अशी अट घातली, तर 9.6 डेसिबल लागतात, म्हणजे शॅननच्या तळाच्या सुमारे 13 पट ऊर्जा. ही दरी बुजवण्याचं मोठं श्रेय मॉड्युलेशनपेक्षा चूक दुरुस्त करणाऱ्या कोडांना जातं. बिटांसोबत हिशोबाचे जादा बिट पाठवायचे, म्हणजे काही चुकले तरी घेणारा ते स्वतःच ताळा करून सुधारून घेतो. 1993 साली टर्बो कोड आले आणि मर्यादेच्या अगदी काठापर्यंत जाता येतं हे सिद्ध झालं. फाइव्ह-जीमध्ये डेटासाठी एलडीपीसी कोड वापरतात. हा कोड रॉबर्ट गॅलेगरने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडला होता, पण तो चालवण्याइतके वेगवान संगणक तेव्हा नव्हते, म्हणून तो कित्येक वर्षं धूळ खात पडला.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग कमी ठिपके ते नेहमीच स्वस्त. पाठ्यपुस्तकातून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी हमखास असंच म्हणतात. पण अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती हा खर्चाचा एक भाग झाला. ऑसिलेटर, मिक्सर, आकड्यांची लहर करणारा कन्व्हर्टर, हिशोब करणारी चिप, ही मंडळी रेडिओ चालू असेपर्यंत वीज खातच असतात, मग सिग्नल कितीही हळू सोडा.

समजा या मंडळींचा खर्च 100 मिलिवॉट आहे. राउटर शेजारीच आहे, त्यामुळे क्यूपीएसकेने पाठवायला अँटेनावर 1 मिलिवॉट पुरतो. एक फोटो जायला 1 सेकंद लागला तर खर्च झाला 101 मिलिज्यूल. आता 64-क्वाम घ्या. शक्ती 21 पट, म्हणजे 21 मिलिवॉट, पण बिट तिप्पट वेगाने गेल्यामुळे काम सेकंदाच्या तिसऱ्या भागात उरकलं आणि रेडिओ झोपला. खर्च सुमारे 40 मिलिज्यूल. महागडा ठिपका स्वस्तात पडला! आता तोच फोटो लांबच्या टॉवरला पाठवू. तिथे क्यूपीएसकेलाच 100 मिलिवॉट लागतात असं धरा. खर्च 200 मिलिज्यूल. 64-क्वामला लागतील 2,100 मिलिवॉट. वेळ तिसरा हिस्सा, तरी खर्च 733 मिलिज्यूल. हे आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत, पण त्यांची दिशा खरी आहे. जवळच्याशी भराभर बोलून झोपावं, लांबच्याशी सावकाश बोलावं. म्हणूनच घरच्या वाय-फायवर व्हिडिओ पाहताना फोन थंड राहतो आणि खोऱ्यात बसून एक फोटो पाठवताना तापतो.

आता ज्या भागात सगळ्यात जास्त वीज जळते तिकडे येऊ. तो म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर, अँटेनाच्या अगदी आधीचा टप्पा. या बिचाऱ्याचा स्वभाव असा, की तो पूर्ण ताकदीने चालला तरच काटकसरी. बी-वर्गाच्या आदर्श ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता पूर्ण उंचीच्या लहरीला 78.5 टक्के असते. लहर निम्म्या उंचीची झाली की कार्यक्षमताही निम्मी, 39 टक्के. बाकीची वीज उष्णता होते. म्हणजे ज्या मॉड्युलेशनमध्ये लहरीची उंची सतत वरखाली होते, ते ॲम्प्लिफायरला बहुतेक वेळ त्याच्या नावडत्या जागी चालवतं. ठिपके किती आणि कसे मांडले यावरून पाठ्यपुस्तकात जे ठरतं, त्याच्या तोडीचा फरक या एका गोष्टीने पडतो.

टू-जीच्या रचनाकारांनी हे नीट ओळखलं होतं. जीएसएमचं मूळ मॉड्युलेशन जीएमएसके. त्यात लहरीची उंची कधीच बदलत नाही, फक्त फेज गुळगुळीतपणे सरकत राहतो. मग ॲम्प्लिफायर बिनधास्त पूर्ण ताकदीवर चालवा. त्या काळचे फोन 900 मेगाहर्ट्झवर 2 वॉटपर्यंत शक्ती सोडत, तीही आठांतल्या एकाच वेळखणात, आणि तरी बॅटरी पुरायची. डेटाचा वेग अर्थात आजच्या मानाने हास्यास्पद. पण सगळ्यांनाच वेग हवा असतो असं कुठे आहे? दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवीच्या मुखाजवळ वेरे इथे समुद्राची पातळी मोजणारं केंद्र उभारलं, ते आपले आकडे मोबाइल जाळ्यावरून पाठवत असे. 12 सप्टेंबर 2007 रोजी सुमात्राजवळ 8.4 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आलेली त्सुनामी या केंद्राने टिपली. पाण्याची पातळी म्हणजे अधूनमधून जाणारा एक आकडा. त्याला सिनेमा पाहण्याइतका वेग लागत नाही.

फोर-जी आली आणि सोबत ओएफडीएम आलं. यात एक रुंद पट्टी शेकडो बारीक उपवाहकांत चिरतात. 20 मेगाहर्ट्झच्या फोर-जी पट्टीत 15 किलोहर्ट्झच्या अंतराने असे 1,200 उपवाहक बसतात आणि प्रत्येकावर वेगळा ठिपका जातो. डोंगर, इमारती, पाणी यांवरून परावर्तित होऊन सिग्नलच्या चार-पाच प्रती पुढेमागे पोचल्या तरी त्यामुळे गोंधळ होत नाही. हा फायदा इतका मोठा आहे की ओएफडीएम टाळणं आता कोणालाच परवडत नाही. किंमत मोजतो तो ॲम्प्लिफायर. 1,200 लहरी एकत्र केल्या की बहुतेक वेळा त्या एकमेकींना काटतात, पण मधूनच बऱ्याचशा एकाच वेळी वर येतात आणि अचानक मोठा उंचवटा तयार होतो, सरासरी शक्तीच्या दहापट वगैरे. तो उंचवटा कापला गेला तर सिग्नल बिघडतो आणि शेजारच्या पट्टीत घाण सांडते. म्हणून ॲम्प्लिफायर घ्यायचा उंचवट्याच्या मापाने आणि चालवायचा सरासरीवर. वरच्याच हिशोबाने, शक्ती दहावा हिस्सा झाली की बी-वर्गाची कार्यक्षमता 25 टक्क्यांच्या आसपास येते. चार रुपयांची वीज घातली, रुपयाची लहर निघाली.

टॉवरला हे कसंबसं झेपतं, फोनला नाही. त्यामुळे फोर-जीत एक मजेशीर पंक्तिभेद केलेला आहे. टॉवरकडून फोनकडे येताना ओएफडीएम, पण फोनकडून टॉवरकडे जाताना एससी-एफडीएमए. ही ओएफडीएमचीच चुलत बहीण, फक्त उपवाहकांवर चढवण्याआधी ठिपक्यांवर फूरिये रूपांतर नावाची एक गणिती क्रिया करून घेतात. परिणामी बाहेर पडणारी लहर बरीचशी एकाच वाहकाच्या लहरीसारखी वागते आणि उंचवटे दोन-तीन डेसिबलने बसतात. दोन-तीन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण 3 डेसिबल म्हणजे दुप्पट. फाइव्ह-जीनेही फोनसाठी हा मार्ग राखून ठेवला आहे. शिवाय पाय-बाय-टू बीपीएसके नावाचं एक मॉड्युलेशन खास काठावरच्या फोनांसाठी दिलं आहे. त्यात दोनच ठिपके, पण दर वेळी सगळा आराखडा 90 अंशांनी फिरतो. साध्या बीपीएसकेत एका ठिपक्याकडून समोरच्याकडे जाताना लहर थेट केंद्रातून जाते, म्हणजे तिची उंची क्षणभर शून्य होते. आराखडा फिरवला की हा केंद्रातला प्रवासच टळतो, उंची जवळपास सारखी राहते आणि ॲम्प्लिफायर पुन्हा आपल्या आवडत्या जागी. नवीन पिढीच्या प्रणालीत जाऊन पुन्हा टू-जीचीच युक्ती! मला हे फार आवडतं.

टॉवरच्या बाजूचा उपाय त्याहून जुना आहे. विल्यम डोहर्टीने 1936 साली बेल प्रयोगशाळेत दोन ॲम्प्लिफायरांची जोडी बनवली. नेहमीच्या उंचीला एकच चालतो, तोही त्याच्या सोयीच्या जागी; उंचवटा आला की दुसरा मदतीला येतो. त्याने ती बनवली होती एएम रेडिओच्या प्रक्षेपकांसाठी, कारण तिथेही लहरीची उंची बदलते. मग काही दशकं ती बाजूला पडली आणि मोबाइलच्या ओएफडीएमने तिला पुन्हा कामाला लावलं. आज मोबाइल टॉवरांच्या ॲम्प्लिफायरांत डोहर्टीची रचना सर्रास आढळते.

आता अगदी कमी विजेच्या मंडळींकडे वळू. फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरात मातीचा ओलावा मोजणारं यंत्र लावायचं आहे. वायर नाही, माडा-पोफळींच्या दाट सावलीत सौर पॅनेलला ऊन नाही, आणि दर महिन्याला बॅटरी बदलायला कोणी येणार नाही. दिवसात काही वेळा एक आकडा मात्र घरापर्यंत यायला हवा. अशा ठिकाणी लोरा नावाची पद्धत वापरतात. भारतात 865 मेगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी यासाठी विनापरवाना खुली आहे. लोरात ठिपके नसतात. वारंवारता खालून वर सरकत जाणारी एक शीळ असते, आणि ती कुठून सुरू होते यावर बिट ठरतात. शिळेची उंची एकसारखी, त्यामुळे ॲम्प्लिफायर खूश. सगळ्यात लांबवरच्या मापात, ज्याला एसएफ12 म्हणतात, शिळेच्या सुरुवातीच्या 4,096 जागा असतात. एक शीळ सुमारे 33 मिलिसेकंद चालते आणि सिग्नल गोंगाटाच्या शंभराव्या हिश्शाइतका क्षीण असला तरी ओळखू येतो.

लोराबद्दल एक गैरसमज विक्रेते आनंदाने पसरवतात: माप जेवढं मोठं तेवढं उत्तम. हिशोब करून पाहा. एसएफ7 वरून एसएफ12 वर गेलं की 12.5 डेसिबल कमी सिग्नलही चालतो, म्हणजे सुमारे 18 पट क्षीण. पण त्याच वेळी वेग सुमारे 5,500 बिट प्रति सेकंदावरून 300 च्याही खाली येतो, जवळजवळ 19 पट कमी. म्हणजे घेणाऱ्यापाशी एका बिटाला लागणारी ऊर्जा जवळपास तेवढीच राहिली. एसएफ12 ने बिट स्वस्त होत नाही, तो फक्त लांब जातो, आणि तोच निरोप पाठवायला रेडिओ 19 पट वेळ जागा राहतो. कुळागरातल्या यंत्राची बॅटरी वाचवायची असेल तर माप वाढवण्याआधी घरावरची अँटेना चार फूट उंच करून बघावी. लोखंडी खांब आणि दोन तासांची मेहनत एवढ्यात एसएफ12 वरून एसएफ9 वर येता आलं तर बॅटरीचं आयुष्य कित्येक पट वाढतं.

आणि ज्याला बॅटरीच नाही असा प्रेषक? तो बहुतेक मोटारमालकांच्या काचेवर चिकटवलेला आहे. बेळगाववरून कोल्हापूरकडे जाताना कोगनोळीच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो, तेव्हा त्या टॅगमधून स्वतःची अशी लहर निघतच नाही. नाक्यावरचा वाचक 865 मेगाहर्ट्झच्या त्याच पट्टीत लहर सोडतो. टॅग त्यातूनच दहा-वीस मायक्रोवॉट उचलून आपली चिप जागी करतो, आणि मग आपल्या अँटेनाची जोडणी भराभर बदलत राहतो. एका जोडणीत अँटेना लहर जास्त परतवते, दुसरीत कमी. वाचक त्या परतलेल्या लहरीतले चढउतार वाचतो. मॉड्युलेशन झालं, पण ॲम्प्लिफायर नाही, ऑसिलेटर नाही, बॅटरी नाही. सगळा खर्च नाक्याच्या वीजजोडणीवर. म्हणजे एएम रेडिओचाच सौदा, वीज जिथे मुबलक तिथे ती जाळायची. मर्यादाही उघड आहे. लहर जाताना क्षीण होते आणि परतताना पुन्हा, त्यामुळे हा खेळ काही मीटरांपुरताच.

संशोधनाच्या पातळीवर बरंच काही चालू आहे. अनेक अँटेनांपैकी कोणती अँटेना बोलली, यातच काही बिट दडवायचे, म्हणजे ते बिट जवळपास फुकट जातात. याला स्पेशियल मॉड्युलेशन म्हणतात. कल्पना देखणी आहे, पण मोबाइल जाळ्यांत ती अजून रुजलेली नाही. दुसरी कल्पना ठिपके सारख्या प्रमाणात न वापरण्याची. केंद्राजवळचे स्वस्त ठिपके जास्त वेळा, कडेचे महाग ठिपके क्वचित. यातून जास्तीत जास्त 1.53 डेसिबलचा फायदा होऊ शकतो हे गणिताने ठरलेलं आहे, आणि प्रकाशतंतूंच्या जाळ्यांत ही युक्ती वापरातही आली आहे. अंतराळाच्या टोकाशी तर वेगळंच तर्कट चालतं. नासाच्या 2023 साली सुटलेल्या सायकी यानावरचं लेझर-संपर्काचं उपकरण प्रकाशाचा ठोका नेमक्या कोणत्या वेळखणात पडला यावरून बिट सांगत असे. उरलेल्या सगळ्या खणांत लेझर अंधारात. कोट्यवधी किलोमीटरांवरून प्रकाशाचे मोजके कण पोचणार असतील तर ते असेच सढळ शांततेत वापरावे लागतात.

या शांततेचा विचार आता टॉवरांपर्यंत आला आहे. फोर-जीचा टॉवर आपली ओळख पटवणारे संदर्भ-सिग्नल दर मिलिसेकंदाला सोडतो. मध्यरात्री काणकोणच्या टोकाला त्याच्या हद्दीत एकही फोन काही पाठवत नसला तरी ते थांबत नाहीत, त्यामुळे ॲम्प्लिफायरला नीट झोप अशी लागतच नाही. फाइव्ह-जीत हे सिग्नल नव्याने जोडू पाहणाऱ्या फोनसाठी साधारण 20 मिलिसेकंदांनी एकदा येतात आणि हवं तर 160 मिलिसेकंदांपर्यंत लांबवता येतात. मधल्या काळात ॲम्प्लिफायर बंद ठेवता येतो. त्याचा भुर्दंड पडतो तो फोनवर: असा टॉवर सापडेपर्यंत त्याला कान देऊन जास्त वेळ जागं राहावं लागतं.